चार नंबरच्या कॉम्प्युटरची तारीख

हरभरा सोंगणीला आला की मी तारखा मोजू लागतो. आमच्याकडे शेती नाही, त्यामुळे या मोजण्याचा पिकाशी काही संबंध नाही. फेब्रुवारी सरत आलेला असतो. चिखलीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांतला कापूस कडेच्या बाभळींना अडकून बसलेला असतो. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तोच हातात ओझे होतो. बुलढाण्याच्या बाजूला पळस पेटलेला असतो. याच दिवसांत कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षा येतात. मी चिखलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्याला आता पंचविसेक वर्षे होत आली. लोकांना हा हंगाम भाजलेल्या हरभऱ्याच्या हुळ्याचा, गव्हाच्या ओंब्यांचा आणि लग्नाच्या पत्रिकांचा वाटतो. मला तो एका फाईलच्या तारखेचा वाटतो.

यंदाही तो तसाच आला. सराव परीक्षेच्या सकाळी लॅबमधले तीसच्या तीस नवे कॉम्प्युटर एकदम स्वतःला सुधारून घ्यायला बसले. पडद्यावर एक चक्र फिरू लागले आणि खाली सूचना आली, बंद करू नका. पोरे हातावर हात ठेवून चक्राकडे पाहत बसली. वीस मिनिटे गेली, मग अर्धा तास. मी म्हणालो, "चला, मागच्या रांगेत."

मागच्या रांगेत माझे आठ जुने कॉम्प्युटर आहेत. प्रत्येक नव्या प्राचार्यांनी ते भंगारात काढायला सांगितले आणि प्रत्येक वेळी मी ते राखले. त्यांच्यावर सी भाषेचा जुना कंपायलर आहे, प्रोग्राम लिहून चालवायचा, निळ्या पडद्याचा. बटण दाबले आणि खुर्ची ओढून बसेपर्यंत तो हजर असतो.

"सर, हे म्हातारे एवढ्या लवकर चालू काऊन होऊन राह्यले?" वैष्णवीने विचारले. ही देऊळघाटची मुलगी. तिला प्रश्न पडला की तो लगेच तोंडातून बाहेर येतो.

मागून कोणीतरी म्हणाले, "म्हाताऱ्याले झोप कमी असते बे."

सगळे हसले, मीही हसलो. त्या निळ्या पडद्यासमोर पोरांची बोटे चालू लागली आणि मला बरे वाटले. जुन्या आवृत्तीला चिकटून राहिलो याची मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. साध्या कॉम्प्युटरला पेलेल तेच त्याच्यावर चालवावे आणि जे चालवतो ते तळापर्यंत माहीत असावे, असे मी मानतो. माझे विद्यार्थी पुण्याला, हैदराबादला गेले. नव्या आवृत्तीने त्यांच्या चुका काढल्या तेव्हा चार दिवस कुरकुरले आणि पाचव्या दिवशी कामाला लागले. पाया पक्का असेल तर नवी खिडकी उघडायला वेळ लागत नाही. हे मी कुणासमोरही सांगेन.

माझे दुखणे वेगळे आहे.

शतक नुकतेच बदलले होते, तेव्हा आमच्याकडे सगळे मिळून सहा कॉम्प्युटर होते. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले. ते बैलगाडीतून आले नव्हते एवढेच. आले होते मालाच्या टेम्पोतून, सरकीच्या पोत्यांशेजारी बसून. पुढचा महिनाभर त्यांच्या फटींतून सरकीची पूड निघत होती. मी प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातला. लॅबला एक वास होता, गरम प्लास्टिकचा, फिनेलचा आणि बाहेर काढलेल्या चपलांचा. मॉनिटर बंद केला की काचेजवळ हात न्यायचा, हातावरची लव उभी राहायची. पोरांना त्याचे फार अप्रूप होते.

सहा कॉम्प्युटर आणि बत्तीस विद्यार्थी. एकेकाच्या वाट्याला वीस मिनिटे येत. म्हणून मी एक रीत पाडली होती. प्रोग्राम आधी लाँगबुकात लिहायचा, मग तो कागदावर चालवायचा. प्रत्येक चलाचा एक रकाना आखायचा आणि किंमत बदलली की जुनी खोडून खाली नवी लिहायची. कॉम्प्युटर जे करणार ते आपण आधी पेन्सिलीने करून पाहायचे. उत्तर बरोबर आले तरच खुर्चीवर बसायचे. पोरे त्याला 'पेन्सिलनं चालवनं' म्हणत. बाहेर व्हरांड्यात पंधरा-वीस पोरे भिंतीला टेकून, गुडघ्यावर वही घेऊन पेन्सिलीने प्रोग्राम चालवत बसलेली असत. एखादा ओरडायचा, "माहा थांबूनच नाही राह्यला बे!" त्याच्या कागदावर फेरा संपत नसायचा. शेजारचा डोकावून सांगायचा, "तू आय वाढवलाच नाही, कसा थांबन?" आय म्हणजे फेरे मोजणारा चल. आज ज्या चुकीने कॉम्प्युटर अडकतो ती आमच्याकडे व्हरांड्यातच सापडायची.

या पेन्सिलीच्या कामात सगळ्यांच्या पुढे होती प्रज्ञा. तीही देऊळघाटचीच. सकाळच्या एसटीने बुलढाणा, तिथून चिखली. तिचे वडील कापसाच्या हंगामात चिखलीच्या जिनिंगवर कामाला यायचे, तेव्हा बापलेक एकाच गाडीने येत. एकदा ती डबा गाडीत विसरली, तर ते तो द्यायला लॅबच्या खिडकीशी आले. भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर, मिशीवर कापसाचे तंतू. आत यायला तयार नव्हते.

"पोरगी बराबर शिकून राह्यली ना सर?"

"हुशार आहे. वर्गात पहिली येईल."

"तुमी म्हनता तं असनच," ते म्हणाले. डबा खिडकीच्या गजांतून आत येईना, म्हणून त्यांनी डबे सुटे केले आणि एकेक करून आत दिले.

प्रज्ञा चार नंबरवर बसायची. चार नंबर कुणालाच नको असायचा. त्याच्या पडद्यावर रंग नव्हते, स्पेसची पट्टी जड होती, आणि त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली होती. त्यामुळे रोज सकाळी तो चालू केला की सगळे विसरलेला असायचा आणि आधी विचारायचा, आज तारीख काय? ती टाकल्याशिवाय पुढे जात नसे. ती टाकायचे काम माझे होते.

आता यातली गोम सांगतो. हा कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीचा. त्याला महिना आधी हवा असतो आणि दिवस नंतर. फाईलींची यादी काढली की तारीखही तशीच दाखवतो. आपण आधी दिवस वाचतो. दोन मार्च ही तारीख त्याच्या यादीत तीन-दोन अशी दिसायची आणि पोरे तिला तीन फेब्रुवारी समजायची. जर्नलमध्ये तारखा चुकायच्या. मग मी एक शक्कल काढली. मी आपल्या पद्धतीनेच टाकू लागलो, आधी दिवस, मग महिना. कॉम्प्युटर बिचारा मनात काहीही समजो, यादीत मात्र ती आपल्याला हवी तशी दिसायची. गंमत अशी की हे महिन्याचे पहिले बारा दिवसच चालायचे. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरा तारखेला तो तारीख घ्यायला नकार द्यायचा आणि मला त्याच्या पद्धतीवर यावे लागायचे. पोरांना हे पाठ झाले होते. तेरा तारखेच्या सकाळी कोणीतरी दारातूनच ओरडायचे, "सर, चार नंबर रुसला आज!"

बॅटरी बदलणे अवघड नव्हते. अकोल्याला एक जण करून देत असे. मला फक्त कॉम्प्युटर न्यायचा होता. या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात, असे करत दीड वर्ष गेले. आळसच तो. त्याला मी विनोदाचे रूप दिले, म्हणून तो कुणाला दिसला नाही.

आणि त्याच हिवाळ्यात मी एक सही केली. अभ्यासक्रम बदलला होता, कंपायलरची नवी आवृत्ती सक्तीची झाली होती. लॅबमध्ये काय काय आहे याचा फॉर्म आला. प्राचार्य म्हणाले, "नवीन आहे असं लिहा. येईल तेव्हा येईल." नव्या आवृत्तीची सीडी त्यांनी कुठूनशी आणून माझ्या कपाटात ठेवलीच होती. आमच्या सहापैकी एकाही कॉम्प्युटरला सीडी घालायला जागा नव्हती. मी लिहिले, सहा कॉम्प्युटर, सर्व नवे, नवी आवृत्ती, सुस्थितीत. खाली नाव आणि सही. पेनाची शाई निळी होती, तेवढी एकच गोष्ट त्या कागदावर खरी होती.

ही सही उघडी पडू नये म्हणून मग मी पाहुणचार केला. बाहेरचे परीक्षक प्रॅक्टिकलला येतात तेव्हा त्यांनी लॅबमध्ये बसायचे असते. मी त्यांना दारातच गाठले. "लॅबमध्ये उकडतं सर, प्राचार्यांच्या खोलीत बसा. फ्लॉप्या मी तिथेच आणतो." त्या खोलीत कॉलेजचा एकमेव नवा कॉम्प्युटर होता, ऑफिसच्या कामाचा. कचोऱ्या आल्या, चहा आला, ताटलीत गरम हुळा आला. परीक्षक हुळा सोलत बसले, बोटे काळी झाली, गृहस्थ खूश होते. दोन मार्च होता त्या दिवशी.

विद्यार्थी लॅबमध्ये प्रोग्राम लिहीत होते. ज्याचा झाला त्याची फ्लॉपी मी नेऊन देत होतो. परीक्षक ती ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये घालत, प्रोग्राम वाचत, मुलाला आत बोलावून दोन प्रश्न विचारत. आठवी-नववी फ्लॉपी प्रज्ञाची होती. त्यांनी हुळा बाजूला ठेवला.

"ही फाईल तीन फेब्रुवारीची आहे."

मी त्या क्षणी समजलो. चार नंबरवर सकाळी मी माझ्या हाताने दोन-तीन टाकले होते. त्याच्या लेखी तो दुसऱ्या महिन्याचा तिसरा दिवस होता. जुन्या यादीत ती चूक दिसत नव्हती. नव्या कॉम्प्युटरने मात्र महिना अक्षरांत लिहून दाखवला. बाकी पाच कॉम्प्युटरांची घड्याळे जिवंत होती, त्यांच्या फाईली दोन मार्चच्याच होत्या, आणि चार नंबरवर त्या दिवशी प्रज्ञाशिवाय कुणी बसले नव्हते.

प्रज्ञाला आत बोलावले. ती ओढणीला हात पुसत आली.

"प्रोग्राम महिनाभर आधी करून फ्लॉपीवर आणला का?"

"नाही सर. आत्ताच लिहिला. चार नंबरवर."

"मग ही तारीख?"

तिने पडद्याकडे पाहिले आणि तिलाही लगेच कळले. "सर, तो कॉम्प्युटर महिना आधी धरते. तारीख रोज..."

"मला कॉम्प्युटर शिकवू नका."

"दुसरा प्रोग्राम द्या सर. कोणताही द्या. इथं तुमच्यासमोर कागदावर लिहून दाखवते."

"साडेचारची गाडी आहे माझी. अजून वीस मुलं आहेत."

"मग आमच्या सरांना विचारा," ती म्हणाली. "तारीख सरच टाकतात."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. प्राचार्यांची नजर माझ्यावर होती, ती वेगळ्या कारणाने. मी खरे सांगितले असते तर परीक्षक उठून लॅब पाहायला गेले असते. तिथे सहा म्हातारे कॉम्प्युटर होते आणि माझ्या सहीचा फॉर्म त्यांच्याच फाईलीत होता. मी गप्प राहिलो.

आणखी एक सांगितले पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. ती कोणत्या वस्तीतून येते, तिचे वडील काय करतात, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होते. तिच्या बाजूने भांडायला कुणी येणार नाही, हेही माहीत होते. पाटलांची पोरगी असती तर मी असा वागलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. उत्तर मला ठाऊक आहे.

तिच्या नावासमोर शून्य पडले. पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी तिची निवड जवळजवळ ठरलेली होती, ती हुकली. पुढच्या मार्चला ती परत आली, पुन्हा परीक्षेला बसली, उत्तम पास झाली. माझ्याशी दोन वाक्ये बोलली, तीही कामाची. पण तोपर्यंत पुण्याचे दार लागलेले होते.

चार नंबरची बॅटरी मी बदलून घेतली. त्या दोन मार्चनंतरच्या पहिल्याच सोमवारी. जाऊन-येऊन एक दिवस लागला.

माणूस एका बाजूने सुधारतो आणि दुसऱ्या बाजूला तसाच राहतो. तेव्हापासून लॅबच्या दारावर माझ्या अक्षरातला एक कागद असतो. कोणते कॉम्प्युटर, किती जुने, कोणती आवृत्ती, काय चालत नाही. परीक्षक आले की चहाच्या आधी मी त्यांना लॅब दाखवतो. पुढचे सगळे फॉर्म मी खरे भरले. एका प्राचार्यांनी त्यावरून माझी वेतनवाढ रोखू पाहिली, दुसऱ्यांनी वर्षभर अबोला धरला. मी बधलो नाही. "जुने आहे, नीट चालते, मुलांना येते," एवढेच म्हणत राहिलो. लोक माझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक करतात. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने तर भाषणात केले. मी टाळ्यांच्या वेळी सतरंजीकडे पाहत होतो.

यंदाच्या त्या सकाळी मागच्या रांगेत काम चालू असताना वैष्णवी एकदम म्हणाली, "सर, आमच्या देऊळघाटात प्रज्ञाताईकडंही असाच निळा पडदा आहे."

माझा खडू थांबला. "काय करते ती?"

"फॉर्म भरून देते. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे अर्ज. तिच्याकडं नवा कॉम्प्युटर आहे, पण जुना बी काढत नाही. म्हणते, आमच्या सरांनी शिकवलं, चालते तवर काढायचं नाही." आणि मग जरा अभिमानाने, "तुमचंच नाव सांगते ती."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर एवढे लागले नसते.

रविवारी मी निघालो. बुलढाण्याला उतरलो, तिथून देऊळघाटच्या जीपमध्ये बसलो. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची सोंगणी चालू होती. बाया वाकलेल्या, मागे लहान लहान ढीग. जीपमध्ये कुणीतरी हरभऱ्याचे उपटलेले टहाळ आणले होते, त्याच्या पानांवरची आंब बोटांना लागून बोटे जिभेला लागली आणि सगळ्या परीक्षांची चव तोंडात आली. मनात वाक्ये जुळवत होतो. शिक्षकाची सवय, वाक्ये नीट जुळतात. मला माफ कर, असे शेवटचे वाक्य ठरवले होते.

तिचे दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. प्रज्ञा चाळिशी ओलांडलेली, केसांत पांढरे, नाकावर चष्मा. एका शेतकऱ्याचा अंगठा यंत्रावर टेकवून घेत होती. मला पाहून उठली. "या सर, बसा," म्हणत स्वतःची खुर्ची दिली. दाराशी तिची आई सूप घेऊन हरभरा निसत बसली होती.

कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर निळा पडदा होता. गावातल्या पाण्याच्या पाळीचा प्रोग्राम तिने स्वतः लिहिलेला, कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी पाणी. दर आठवड्याला यादी छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतात. तिने मला छापलेला कागद दाखवला. सोपा, स्वच्छ प्रोग्राम असणार, हे यादीवरूनच कळत होते. तारखा पाहिल्या. एकाही तारखेत महिना आकड्यात नव्हता. सगळीकडे अक्षरांत लिहिलेला होता.

तो शेतकरी गेला तेव्हा म्हणालो, "प्रज्ञा, मी एक सांगायला आलो आहे."

"तारखेचं ना?" ती पुढचा अर्ज उघडत म्हणाली.

"हो. त्या दिवशी चूक माझी होती. तारीख मी..."

"मले माहीत आहे सर. मी त्या कॉम्प्युटरवर दोन वर्षं बसली." आवाजात राग नव्हता. काम करता करता बोलत होती. "मले नका सांगू. मायले सांगा."

"आईंना?"

"बाबांनी मरेपर्यंत मानलं नाही. मी किती सांगितलं. ते म्हणत, सर खोटं कशाले बोलतील? शिकेल-सवरेल मानूस हाय. तूच काहीतरी केलं असन. मारलं नाही, शिव्या दिल्या नाही. पण गाडीत माह्याजवळ बसणं सोडलं. मागच्या सीटवर जाऊन बसायचे." ती चष्मा पुसत होती. "मायबी तेच धरून बसली. तिले सांगा."

मी खुर्चीवरून उठलो आणि दाराशी, म्हातारीसमोर उकिडवा बसलो. जुळवलेली सगळी वाक्ये निरुपयोगी होती. तिला महिना आधी की दिवस आधी याच्याशी काय देणेघेणे?

"मावशी, कॉम्प्युटरात घड्याळ असतं. ते रोज मी लावायचो. परीक्षेच्या दिवशी मी ते चुकीचं लावलं. त्यामुळं प्रज्ञाचा पेपर महिनाभर आधी लिहिला, असं त्यांना दिसलं. तिनं तो त्याच दिवशी लिहिला होता. तिनं चोरी केली नव्हती."

म्हातारीचे हात सुपात थांबले. "मंग हे तवा काऊन नाही सांगितलं?"

"माझी नोकरी जाईल अशी भीती वाटली. मी एका कागदावर खोटी सही केली होती, ती उघडी पडली असती."

"आन् त्या साहेबानं तुमाले इचारलं तवा?"

"मी गप्प राहिलो."

खोलीतला कळफलकाचा आवाज थांबला.

"गप्प नाही राह्यले सर," प्रज्ञा म्हणाली. ती माझ्याकडे वळली नव्हती. "बोलले तुम्ही. 'लॅबमधली घड्याळं बरोबर आहेत', असं बोलले."

वरही मी गप्प राहिलो असे लिहिले आहे. इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो. गप्प राहणे हे भित्र्या माणसाचे पाप, त्याला कुठेतरी क्षमा असते असे वाटत आले. पण ती बरोबर होती. परीक्षकांनी विचारले, "काय हो सर?" आणि मी म्हणालो, "लॅबमधली घड्याळं बरोबर आहेत सर." स्पष्ट, शांत आवाजात. शिकवतो त्याच आवाजात. मग त्यांनी शून्य लिहिले. वरचे वाक्य मी खोडत नाही. मी स्वतःशी किती वर्षे खोटे बोलू शकतो, ते तिथे दिसू दे.

"ती खरं सांगते आहे मावशी," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"म्हंजे पोरगी खरं बोलत होती."

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मला वाटले, आता म्हातारी रडेल किंवा शाप देईल. दोन्हींची मी मनाशी तयारी ठेवली होती. तिने सूप खाली ठेवले, मांडीवरची फोलपटे झटकली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दारात जाऊन समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारली.

"ओ रत्ना! इकडं ये वं. तुह्या सासूलेबी आन."

"काऊन? काय झालं?" तिकडून आवाज आला.

"ये तं खरी! पोरीचे सर आले." मग मागे वळून मला म्हणाली, "हिच्याच सासूनं तवा गल्लीभर केलं होतं. कॉलेजात पोरगी चोरी करताना सापडली म्हने. माह्या नवऱ्याले पारावर बसनं मुश्कील केलं. तो तं गेला. त्याले आता कोन सांगन? पन ही हाय अजून."

रत्ना पदराला हात पुसत आली. मागून तिची सासू, काठी टेकत, एका हाताने भिंत धरत. आणखी दोन बाया सहज आल्यासारख्या येऊन उभ्या राहिल्या. चारही जणी ओट्यावर बसल्या. म्हातारी सासू कानामागे हात धरून माझ्याकडे पाहू लागली. मी उठलो. हजार वेळा वर्गात उभा राहिलो आहे, पाय आपोआप सरळ झाले.

"हं सर," प्रज्ञाची आई म्हणाली. "आता परत सांगा. पहिल्यापासून."

"कॉम्प्युटरात एक घड्याळ असतं," मी सुरुवात केली.

आतून प्रज्ञा म्हणाली, "जोरानं सर. त्यांना कमी ऐकू येते."